पगाराबरोबर बाहेरची कामं करताय? पहिलं आयकर रिटर्न असं भरा

दिवसा शिरोलीच्या फाउंड्रीत डिझाइनला नोकरी आणि रात्री घरी बसून उद्यमनगरातल्या दोन-तीन वर्कशॉपना ड्रॉइंग करून देणं. आठवडाभर शाहूपुरीतल्या ऑफिसात कोडिंग आणि शनिवार-रविवारी पुण्याच्या एखाद्या कंपनीची वेबसाइट. बँकेत नोकरी आणि लग्नसराईत कॅमेरा. अशी दुहेरी कमाई करणारी मुलं-मुली आता कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत भेटतात. त्यांतल्या बहुतेकांना पगाराचं रिटर्न भरता येतं: फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) समोर ठेवायचा, आयटीआर-१ हा पगारदारांचा साधा फॉर्म उघडायचा, आकडे तपासायचे, झालं. बाहेरच्या कामाचे पैसे सुरू झाले की मात्र फॉर्म बदलतो, हिशेब बदलतो आणि जबाबदारीही बदलते.

कारण साधं आहे. तुमची कंपनी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारात भरायचा कर, कापते तो फक्त पगार बघून. बाहेरचं काम देणारा टीडीएस कापतो तो फक्त त्याचं बिल बघून, आणि लहान वर्कशॉपवाला बहुधा कापतच नाही. दोन्हीची बेरीज करून एकूण कर किती, हे वर्षभरात कुणीच बघत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं. रिटर्नमधल्या बाकी सगळ्या पायऱ्या या एका बेरजेसाठी आहेत.

पुढचे सगळे आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षातल्या कमाईचे, म्हणजे आकारणी वर्ष २०२६-२७ चे आहेत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. पण त्याआधीच्या या वर्षाची कमाई १९६१ च्या कायद्यानेच मोजायची असल्यामुळे खाली जुनीच कलमं दिली आहेत.

पहिली पायरी : ही कमाई कसली, ते ठरवा

बाहेरच्या कामाचे पैसे म्हणजे पगार नव्हे आणि ‘इतर उत्पन्न’ही नव्हे. नियमितपणे, मोबदला ठरवून केलेलं काम म्हणजे धंदा किंवा व्यवसाय. नवखे लोक हमखास तीन-चार लाखांची फ्रीलान्सची रक्कम बँकेच्या व्याजाशेजारी ‘इतर उत्पन्ना’त टाकून आयटीआर-१ भरून मोकळे होतात. तो फॉर्म धंद्याच्या उत्पन्नासाठी नाहीच. शिवाय त्यात त्यांचंच नुकसान होतं, कारण व्यवसायाला मिळणारी खर्चाची वजावट हातची जाते.

‘बिल बायकोच्या नावावर काढू का?’ असा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. काम ज्याचं, कमाई त्याची. ड्रॉइंग तुम्ही काढलं असेल तर बिलही तुमच्याच पॅनवर काढा.

नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई आहे का, सरकारी सेवेत असाल तर परवानगी लागते का, हा वेगळा विषय आहे आणि तो आधी मिटवलेला बरा. मात्र परवानगी असो वा नसो, कमाई झाली की ती रिटर्नमध्ये दाखवावीच लागते. रिटर्नची प्रत आयकर खातं कंपनीला पाठवत नाही.

दुसरी पायरी : कागद गोळा करा आणि एकमेकांशी ताडून बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. फॉर्म भरण्याचं काम तासाभराचं आहे, पण ताडून बघायला एक सुट्टीचा दिवस जातो आणि तो सार्थकी लागतो.

लागणारे कागद असे: कंपनीकडून जूनच्या मध्यापर्यंत मिळणारा फॉर्म १६, काम देणाऱ्यांकडून मिळणारा टीडीएसचा दाखला म्हणजे फॉर्म १६ए, आयकर पोर्टलवरून उतरवलेले फॉर्म २६एएस आणि एआयएस (वार्षिक माहिती विवरण), सगळ्या बँक खात्यांचे एप्रिल ते मार्चचे उतारे आणि तुम्ही स्वतः काढलेली बिलं. २६एएसमध्ये तुमच्या पॅनवर जमा झालेला टीडीएस दिसतो. एआयएसमध्ये त्याहून बरंच काही असतं: व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडाची विक्री.

आता एक कोरा कागद घ्या, किंवा एक्सेल उघडा, आणि प्रत्येक बिलासमोर चार गोष्टी लिहा. बिलाची रक्कम, कापलेला टीडीएस, खात्यात आलेली रक्कम आणि तारीख. समजा एका कंपनीला वर्षभरात २,५०,००० रुपयांची बिलं दिली. तिने दहा टक्के कापून २,२५,००० खात्यात टाकले. तर तुमची जमा २,५०,००० धरायची, २,२५,००० नव्हे. कापलेले २५,००० ही तुमचीच कमाई आहे, ती फक्त तुमच्या वतीने सरकारात भरली गेली. बँकेचा उतारा बघून निव्वळ रक्कम टाकली की एआयएसचा आकडा आणि रिटर्नचा आकडा जुळत नाही, आणि बऱ्याच नोटिसांचं मूळ एवढंच असतं.

टीडीएस कुणी दहा टक्क्यांनी कापतो, कुणी दोन, तर कुणी कंत्राटी काम धरून एक टक्का. व्यावसायिक सेवेसाठीचं कलम १९४जे या वर्षापासून एका काम देणाऱ्याकडून मिळालेली रक्कम वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेल्यावरच लागतं, म्हणून लहान कामांवर काहीच कापलेलं नसेल. टीडीएस नाही म्हणून ती कमाई करमुक्त होत नाही. यूपीआयवर आलेले पाच-सात हजारही यादीत घ्या.

मार्चमध्ये दिलेल्या बिलाचे पैसे मे महिन्यात येतात, पण कंपनीने टीडीएसची नोंद मार्चमध्येच केलेली असते. अशा वेळी ज्या वर्षात टीडीएस दिसतो त्याच वर्षात ते बिल धरलं की दोन्ही बाजू जुळतात. एकदा धरलेलं बिल पुढच्या वर्षी पुन्हा येणार नाही, तेवढी खूण करून ठेवा. एआयएसमध्ये एखादी नोंद चुकीची किंवा दोनदा आलेली दिसली, तर तिथेच तिच्यावर अभिप्राय नोंदवायची सोय आहे. टीडीएस कापूनही २६एएसमध्ये दिसत नसेल तर काम देणाऱ्याच्या अकाउंट विभागाला लगेच कळवा. त्यांनी आपलं टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त केल्याशिवाय तुम्हाला त्याचं श्रेय मिळत नाही, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन लागत नाही.

पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज बरेचजण विसरतात. आपल्याकडे घरटी एक तरी पतसंस्थेचं पासबुक असतं. ते व्याजही करपात्र आहे, टीडीएस कापलेला असो वा नसो.

तिसरी पायरी : नफा कसा मोजायचा

इथे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता अनुमानित नफ्याचा. इंजिनिअरिंग, वास्तुरचना, वकिली, वैद्यकी, अकाउंटन्सी, तांत्रिक सल्ला, इंटिरिअर, माहिती तंत्रज्ञान, चित्रपट कलाकार असे ठरावीक व्यवसाय कलम ४४एडीएमध्ये येतात. चित्रपट कलाकारांत कॅमेरामन, संकलक, संवादलेखक हेही येतात, त्यामुळे चित्रनगरीत काम करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. या कलमाखाली एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा धरायची, उरलेली निम्मी खर्चात गेली असं कायदाच मानतो. वह्या ठेवायला नकोत, खर्चाच्या पावत्या दाखवायला नकोत. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत ही सोय मिळते. रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. प्रत्यक्ष नफा निम्म्याहून जास्त असेल तर तो जास्तीचा आकडा दाखवायचा असतो, हे मात्र कुणी सांगत नाही. उलट निम्म्याहून कमी दाखवायचा असेल आणि एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर वह्या आणि ऑडिट दोन्ही गळ्यात पडतात.

धंद्यासाठी याच धर्तीचं कलम ४४एडी आहे. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेवर किमान सहा टक्के, रोख जमेवर आठ टक्के नफा. लग्नाचे फोटो, छपाई, दागिन्यांची विक्री अशी कामं यात बसतात. विमा एजन्सीचं किंवा कुठलंही कमिशन मात्र बसत नाही. आणि ‘किमान’ हा शब्द नीट वाचा. तीन लाखांच्या जमेतून हातात दोन लाख उरत असतील तर अठरा हजार नफा दाखवणं म्हणजे पुढच्या प्रश्नाला आमंत्रण आहे. ४४एडी एकदा घेऊन पाच वर्षांच्या आत सोडलं, तर पुढची पाच वर्षं ते पुन्हा घेता येत नाही.

शिकवणी, भाषांतर, मजकूर लेखन ही कामं ४४एडीएच्या यादीत नाहीत. ती ४४एडीखाली धंदा म्हणून दाखवावीत की प्रत्यक्ष खर्चाच्या हिशेबाने, यावर करसल्लागारांचीच दोन मतं आहेत. अशा लोकांनी पहिल्या वर्षी तरी सीएची फी द्यावी. एकदा नीट ठरलं की पुढच्या वर्षी तोच रस्ता धरता येतो.

दुसरा रस्ता प्रत्यक्ष खर्चाचा. जमेतून त्या कामासाठीच झालेला खर्च वजा करायचा. सॉफ्टवेअरचं भाडं, इंटरनेटचा कामापुरता हिस्सा, प्रिंट, प्रवास, मदतनिसाला दिलेले पैसे. लॅपटॉपची किंमत एकदम खर्चात पडत नाही. त्यावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, आणि वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला असेल तर निम्मा. एका दिवशी एकाच व्यक्तीला दहा हजारांहून जास्त रोख दिलेला खर्च धरला जात नाही. नोकरीला जाण्या-येण्याचं पेट्रोल यात घालायचं नाही.

या रस्त्याबद्दल एक गैरसमज जोरात आहे: ‘बाहेरच्या कामात तोटा दाखवला की पगारावरचा कर वाचतो.’ वाचत नाही. धंद्यातला तोटा पगारातून वजा करायला कायद्याने मनाई आहे. तो पुढच्या वर्षांतल्या धंद्याच्या नफ्यासाठी पुढे नेता येतो, तोही रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच.

चौथी पायरी : फॉर्म निवडा, इथे ऊस आडवा येतो

पगार, व्याज आणि अनुमानित नफा, एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत: आयटीआर-४. प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब: आयटीआर-३. शेअर विकून अल्पमुदतीचा नफा झाला असेल, वायदेबाजारात व्यवहार असतील, एखाद्या कंपनीचे तुम्ही संचालक असाल, तरी आयटीआर-३. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं.

आपल्या जिल्ह्यात याला एक पुरवणी लागते. आयटीआर-४ मध्ये शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंतच चालतं. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले इथल्या नोकरदाराच्या नावावर दोन एकर ऊस असला की कारखान्याच्या पहिल्याच हप्त्याने ही मर्यादा ओलांडली जाते. मग फ्रीलान्सचा नफा अनुमानित पद्धतीने दाखवायचा असला तरी फॉर्म आयटीआर-३ च भरावा लागतो. ऊसबिलातून लागण, खत, पाणीपट्टी, मजुरी असा खर्च वजा करून उरलेली निव्वळ रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात दाखवायची. ती पाच लाखांच्या वर गेली तर जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही लिहावं लागतं. सातबारा वडिलांच्या नावावर, ऊसबिलही त्यांच्याच खात्यावर येत असेल तर ते उत्पन्न त्यांचं, तुमच्या रिटर्नमध्ये आणायचं नाही.

‘शेतीला कर नाही, मग दाखवायचं कशाला?’ कर शेतीवर लागत नाही, पण बाकीच्या कमाईवरचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मोजलं जातं. त्याचा परिणाम किती होतो ते खालच्या उदाहरणात कळेल.

आणि दूध संस्थेचं बिल हे शेती उत्पन्न नाही. गोठ्यात चार म्हशी असतील आणि बिल तुमच्या खात्यावर येत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो धंदा आहे आणि त्याचा नफा करपात्र आहे. ऊस आणि दूध एकाच ओळीत ‘शेती’ म्हणून टाकलेलं रिटर्न चुकीचं असतं.

पाचवी पायरी : नवी करप्रणाली की जुनी

काहीच न निवडल्यास नवी प्रणाली लागू होते. तिच्यात पगारावर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, जी फक्त पगाराला असते, फ्रीलान्सला नाही. पहिल्या चार लाखांवर कर नाही, मग बारा लाखांपर्यंत पाच आणि दहा टक्के, सोळा लाखांपर्यंत १५, वीसपर्यंत २०, चोवीसपर्यंत २५, पुढे ३० टक्के. एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य.

गृहकर्ज, घरभाडं, ८०सी कलमाखालची गुंतवणूक, आरोग्य विमा असं सगळं जमून येत असेल तर जुनी प्रणाली फायद्याची ठरू शकते. दोन्हींचा हिशेब करून बघा. पण नुसता पगार असलेला माणूस दरवर्षी रिटर्नमध्येच प्रणाली बदलू शकतो, धंद्याचं उत्पन्न असलेला बदलू शकत नाही. तुम्हाला जुनी हवी असेल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो. आणि एकदा जुनीतून नवीत परत आलात की धंद्याचं उत्पन्न चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. कंपनीने वर्षभर जुन्या प्रणालीने टीडीएस कापला, तुम्ही १०-आयईए भरला नाही, तर रिटर्न नव्या प्रणालीनेच मोजलं जातं. एप्रिलमध्ये कंपनीच्या एचआरने पाठवलेली निवडीची ईमेल इथे उपयोगाची नाही.

सहावी पायरी : बेरीज

शिरोलीतला तोच डिझायनर घेऊ. पगार १२,००,००० रुपये. बाहेरच्या ड्रॉइंगची बिलं ४,००,०००, सगळी बँकेतून. त्यांतल्या २,५०,००० वर एका कंपनीने २५,००० टीडीएस कापला, बाकीच्या वर्कशॉपनी काहीच नाही. नवी प्रणाली.

कंपनीच्या दृष्टीने त्याचं करपात्र उत्पन्न १२,००,००० वजा ७५,०००, म्हणजे ११,२५,०००. बारा लाखांच्या आत. कर शून्य. फॉर्म १६ वर टीडीएस शून्य. तो निश्चिंत असतो, उलट बाहेर कापलेले २५,००० परत मिळतील म्हणून खूश असतो.

आता खरी बेरीज. ११,२५,००० मध्ये ड्रॉइंगच्या जमेचा निम्मा भाग, म्हणजे २,००,००० मिळवले. झाले १३,२५,०००. बारा लाखांची रेघ ओलांडली आणि ८७ए ची सूट पूर्ण गेली. कर असा: चार ते आठ लाखांवर २०,०००, आठ ते बारा लाखांवर ४०,०००, वरच्या सव्वा लाखावर १५ टक्क्यांनी १८,७५०. एकूण ७८,७५०. त्यावर चार टक्के उपकर ३,१५०. म्हणजे ८१,९००. त्यातून टीडीएसचे २५,००० वजा केले, तरी ५६,९०० खिशातून भरायचे.

रेघ अगदी थोडी ओलांडली असती, म्हणजे उत्पन्न साधारण १२,७०,००० च्या आत असतं, तर कर बारा लाखांवरच्या जादा रकमेपेक्षा जास्त होऊ नये म्हणून थोडा दिलासा मिळतो. सव्वातेरा लाखांवर तो नाही.

याच माणसाचं निव्वळ ऊसउत्पन्न दोन लाख असेल तर? १५,२५,००० वर कर काढायचा: १,०८,७५०. चार लाख अधिक शेतीचे दोन लाख, म्हणजे सहा लाखांवरचा कर १०,००० त्यातून वजा करायचा. उरले ९८,७५०, उपकरासह १,०२,७००. म्हणजे करमुक्त उसामुळे बाकीच्या कमाईवरचा कर २०,८०० रुपयांनी वाढला.

उलट बाजूही बघा. पगार ९,००,००० आणि त्याच कामाची जमा ३,६०,००० असेल, तर ८,२५,००० अधिक १,८०,०००, म्हणजे १०,०५,०००. बारा लाखांच्या आत, कर शून्य, आणि कापलेला टीडीएस पूर्ण परत. अशा मुलांनी ‘रिटर्न भरलं की कर बसेल’ या भीतीने रिटर्नच न भरणं म्हणजे स्वतःचे पैसे सोडून देणं आहे.

सातवी पायरी : आगाऊ कर

वरच्या डिझायनरला ५६,९०० जुलैमध्ये कळले, तिथेच उशीर झाला. टीडीएस वजा जाता कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघणार असेल तर तो वर्ष चालू असतानाच भरायचा असतो. प्रत्यक्ष खर्चाच्या हिशेबाने जाणाऱ्यांना चार हप्ते: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. ४४एडी किंवा ४४एडीए घेणाऱ्यांना एकच तारीख: १५ मार्च.

न भरल्यास कलम २३४बी खाली एप्रिलपासून दरमहा एक टक्का व्याज. आपल्या डिझायनरने जुलैत पैसे भरले तर चार महिन्यांचे २,२७६ रुपये, आणि १५ मार्च चुकल्याबद्दल २३४सी खाली आणखी ५६९. रक्कम फार मोठी नाही, पण फुकट जाते.

ज्यांना तारखा लक्षात राहत नाहीत त्यांच्यासाठी मला आवडणारा उपाय वेगळा आहे. बाहेरची कमाई कंपनीच्या अकाउंट विभागाला लेखी कळवा आणि तेवढा जास्तीचा टीडीएस पगारातूनच कापायला सांगा. कायद्यात तशी सोय आहे, आणि असं केलं की आगाऊ कराची भानगडच राहत नाही. अर्थात बाहेरच्या कामाबद्दल कंपनीशी मोकळेपणाने बोलता येत असेल तरच.

आठवी पायरी : पोर्टलवर प्रत्यक्ष भरणं

पत्ता इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन. मेसेजमध्ये आलेल्या ‘रिफंड मंजूर’ अशा लिंकवरून कधीही जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. पॅन हाच यूजर आयडी. पॅन आधारशी जोडलेलं आहे आणि बँक खातं पोर्टलवर प्रमाणित केलेलं आहे, हे आधी तपासा. परतावा बँक खात्यातच येतो.

‘ई-फाइल’मध्ये जाऊन आकारणी वर्ष २०२६-२७ निवडा, मग फॉर्म. पगार, व्याज, टीडीएस बरंचसं आधीच भरलेलं दिसेल. ते जसंच्या तसं मान्य करू नका. दुसऱ्या पायरीत केलेला तुमचा कागद शेजारी ठेवून प्रत्येक आकडा मिळवा. बाहेरच्या कामाची जमा पोर्टल स्वतःहून पूर्ण भरत नाही, ती तुम्हीच टाकायची. व्यवसायाच्या तक्त्यात कामाचा प्रकार निवडायचा, मग बँकेतून आलेली आणि रोख जमा वेगवेगळी, मग नफा. अनुमानित योजनेतही ३१ मार्चला हातात असलेली रोख, येणं आणि देणं हे आकडे विचारले जातात. येण्यात मार्चअखेर न मिळालेली बिलं येतात. ते रकाने शून्य टाकून पुढे जायची सवय लावू नका.

टीडीएसच्या तक्त्यात पगाराचा आणि बाहेरचा टीडीएस वेगवेगळा दिसतो. टीडीएसचं श्रेय घेताय त्या प्रत्येक ओळीची कमाई वर दाखवली आहे ना, हे बघा. कर निघत असेल तर ‘ई-पे टॅक्स’मधून स्वयंनिर्धारण कर म्हणून भरा, चलनाचा क्रमांक आणि बीएसआर कोड (कर भरलेल्या बँक शाखेचा क्रमांक) रिटर्नमध्ये आले आहेत याची खात्री करा, मगच सादर करा.

ऑडिट नसलेल्या धंदा-व्यवसायाच्या रिटर्नला आता ३१ ऑगस्टपर्यंत मुदत आहे, तरी तारीख ३१ जुलै धरून चाला. त्या त्या वर्षाची नेमकी मुदत पोर्टलवर असते, पण वाढीव मुदतीच्या भरवशावर राहू नका. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. त्याला ५,००० रुपये शुल्क, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००.

सादर केल्यावर ३० दिवसांत पडताळणी करायची. आधारचा ओटीपी टाकला की झालं. ती राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं.

परदेशी काम आणि जीएसटी

काम अमेरिकेतल्या माणसाचं, पण तुम्ही ते कोल्हापुरात बसून केलं, तर ती इथलीच कमाई. बँकेकडून परकीय जमेचा दाखला मागून ठेवा आणि खात्यात आलेल्या रुपयांबरोबर बिलही जपा. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर लागते. या २० लाखांत पगार मोजत नाहीत, त्यामुळे सुरुवात करणाऱ्याला सहसा गरज नसते. एखादी मोठी कंपनी जीएसटी क्रमांक असल्याशिवाय काम देत नसेल, तर तो घेण्याआधी विवरणपत्रांचा वर्षभराचा व्याप लक्षात घ्या.

भरून झाल्यावर

काही दिवसांत किंवा काही महिन्यांत कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते. एका बाजूला तुमचे आकडे, दुसऱ्या बाजूला खात्याचे. दोन्ही सारखे असतील तर विषय मिटला. फरक असेल तर घाबरून लगेच पैसे भरू नका, आधी ओळ शोधा. बहुतेक वेळा टीडीएसचं श्रेय किंवा निव्वळ रकमेची चूक निघते. रिटर्न सदोष असल्याची नोटीस आली तर उत्तराला १५ दिवस असतात. हा सगळा कारभार पोर्टलवरच चालतो, ताराबाई पार्कातल्या आयकर भवनात हेलपाटे घालायची गरज सहसा पडत नाही. त्यासाठी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल स्वतःचा असू द्या. पुष्कळांच्या खात्यावर कधीकाळी रिटर्न भरून देणाऱ्या एजंटाचा नंबर असतो आणि नोटीस त्याच्याकडे जाते. तो आजच तपासा. बिलं, बँक उतारे आणि चलनं एका फोल्डरमध्ये वर्षवार ठेवा, आणि चालू वर्षाच्या बिलांची यादी आत्तापासूनच लिहायला घ्या: १५ डिसेंबरच्या सुमारास तिची एकदा बेरीज केली की मार्चमध्ये किती भरायचं ते आधीच कळतं.